पट्ट्याचा वेग आणि उंदराचा दम

सादरीकरणाच्या सातव्या स्लाइडवर मी अडकले. स्लाइडवर महत्त्वाची ओळ एकच होती : 'मध्यम तीव्रतेचा एरोबिक व्यायाम. ट्रेडमिल, १५ मीटर प्रतिमिनिट, ६० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, ८ आठवडे.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे मध्यम कशावरून?" मी एका शोधनिबंधाचा संदर्भ दिला. ते शांतपणे म्हणाले, "त्यांचे उंदीर वेगळे, त्यांचं मशीन वेगळं. तुमच्या उंदराला हा वेग हलका जातो की जड, हे तुम्ही मोजलंय का?"

नव्हतं मोजलं. पीएचडीचं दुसरं वर्ष संपत आलेलं, पहिल्या तुकडीचं काम पूर्ण झालेलं, आणि ज्या शब्दावर सगळा प्रबंध उभा करायचा त्या 'मध्यम'चा माझ्याकडे काहीच हिशेब नव्हता. त्या दिवशी घरी जाताना जेवढं वाईट वाटलं ते परीक्षकांमुळे नाही. पहिल्या तुकडीतले उंदीर आता परत येणार नव्हते, आणि त्यांच्याकडून जे शिकायला हवं होतं त्यातलं अर्धं मी नोंदलंच नव्हतं.

माझं काम रक्तदाब वाढलेल्या उंदरांवर आहे. व्यायामाने त्यांच्या रक्तवाहिन्यांत काय बदलतं, हा प्रश्न. या क्षेत्रात सगळ्यात जास्त वापरले जातात ते एसएचआर जातीचे उंदीर. क्योतोमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी निवडक प्रजननातून ही जात तयार केली आणि १९६३ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. या उंदरांचा दाब वय वाढेल तसा आपोआप चढतो. आम्हाला ते मिळण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही साधे विस्टार उंदीर घेऊन त्यांना पिण्याच्या पाण्यातून एल-नेम दिलं. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शरीरात तयार होतो, ती वाटच हे रसायन अडवतं आणि दाब वाढतो.

आमच्या घरात रक्तदाब नवा नाही. बाबांना गोळी सुरू होऊन सहा वर्षं झाली. डॉक्टरांनी 'रोज अर्धा तास चाला' सांगितलंय, म्हणून ते सकाळी रंकाळ्याला जातात. त्यांच्याबरोबर शेजारचे काका असतात. काका झपाझप पुढे जातात, बाबा दोन ओळखीच्या माणसांशी थांबून बोलतात. घरी आल्यावर दोघंही सांगतात, अर्धा तास झाला. दोघांचं घड्याळ खरं, पण व्यायाम एक नाही. माणसाला निदान विचारता येतं : चालताना बोलता येतंय का, दम लागतोय का? उंदराला विचारता येत नाही. म्हणून तर मोजायचं.

मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, एवढंच सांगितलं की घाई करू नकोस, आधी मशीनपासून सुरुवात कर. बदललेल्या पद्धतीसाठी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे नव्याने अर्ज करावा लागला. ती मंजुरी येईपर्यंत रिकामा पट्टाच हाताशी होता, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात झाली.

पट्ट्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली. शिंप्याचा टेप घेऊन पट्ट्याचा पूर्ण घेर मोजला : १६० सेंटिमीटर. दहा फेऱ्या म्हणजे १६ मीटर. पडद्यावर १५ लावलं. वेग खरा असता तर दहा फेऱ्यांना ६४ सेकंद लागायला हवे होते. मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजलं, ७६ सेकंद लागले. परत मोजलं, ७५. तिसऱ्यांदा पुन्हा ७६. म्हणजे पडद्यावर १५ असताना पट्टा प्रत्यक्षात १२.६ मीटरने फिरत होता. पहिली तुकडी आठ आठवडे ज्या वेगाने पळाली असं मी लिहिलं होतं, त्या वेगाने ती एक दिवसही पळाली नव्हती.

मी तिथेच स्टुलावर बसले. काही वेळाने वही काढली आणि पडद्यावरच्या ६पासून ३३पर्यंत प्रत्येक आकड्याला खरा वेग किती, याचा तक्ता करायला घेतला. कमी वेगाला चूक कमी होती, वाढत्या वेगाला जास्त, त्यामुळे सरसकट एकच दुरुस्ती लावून भागणार नव्हतं. पाच उंदीर लेनमध्ये असताना पुन्हा मोजायचं, हेही ठरवलं, कारण ओझ्याने पट्टा अजून मंदावू शकतो. तो तक्ता लॅमिनेट करून मशीनच्या बाजूला लावला आणि दर सोमवारी दोन वेगांना खूण मोजायची असा नियम केला. ट्रेडमिल वापरणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे : कंपनी कुठलीही असो, घेर मोजा आणि फेऱ्या मोजा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मंजुरी आली आणि खरी चाचणी सुरू झाली. वाढत्या वेगाची चाचणी कागदावर सोपी असते : ६ मीटरला सुरुवात, दर तीन मिनिटांनी ३ मीटर वाढवायचे, उंदीर थकेपर्यंत. ज्या वेगाला तो थांबला तो त्याचा कमाल वेग. व्यायामाची तीव्रता मग त्या कमाल वेगाच्या टक्क्यांत ठरवायची. रक्तदाबाच्या कामात ५० ते ६० टक्के ही पातळी पुष्कळ जण वापरतात. सगळी अडचण 'थकेपर्यंत' या शब्दात आहे.

पहिल्या दिवशी सहा नंबरचा उंदीर १५ला मागे जाऊन बसला. मी वहीत १५ लिहिलं. पलीकडे पिंजऱ्यांतला भुसा बदलत असलेले मामा जवळ आले. मामा आमच्या प्राणीगृहात वीस वर्षांहून जास्त काळ आहेत. घरी म्हशी, लहानपण सगळं गोठ्यात गेलेलं. ते क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, ह्यो दमला न्हाई. ह्यो भ्यालाय."

"कशावरून मामा?"

"दमलेलं जनावर असं मान वळवून मागं बघत न्हाई. त्याला बघायला जीवच उरलेला नसतो. त्याचं पोट बघा की, उचललेलं हाय अजून."

मी व्हिडिओ काढून रात्री घरी हळू वेगाने पाहिला. मामा बरोबर होते. सहा नंबर मागच्या भिंतीला पाठ लावून बसला होता, लेंड्या टाकल्या होत्या, पण पाय ताजे होते. खरोखर थकलेला उंदीर वेगळा दिसतो. त्याचं अंग पट्ट्याकडे झुकतं, पोट जवळजवळ घासायला लागतं, मागचे पाय उचलले जाण्याऐवजी सपाट पडतात आणि चालीची लय तुटते. तो मागे सरकतो, पुढे येण्यासाठी धडपडतो, परत मागे सरकतो. हे सगळं आधी माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, पण मी आकड्याच्या पडद्याकडे बघत होते.

मग नियम लिहून काढले. चाचणीआधी पूर्ण दोन आठवडे ओळख : पहिल्या दिवशी बंद पट्ट्यावर नुसतं बसवायचं, मग ५ मीटरने पाच मिनिटं, हळूहळू १० मीटरने दहा मिनिटं. जो उंदीर ओळख होऊनही पळतच नाही त्याला वेगळा काढायचा, पण किती काढले आणि का, ते प्रबंधात लिहायचं. थकवा म्हणजे काय, तेही ठरवलं : ब्रशने हलकेच ढकलूनही तिसऱ्यांदा दहा सेकंद मागे राहिला आणि चाल मोडलेली असली, तरच थकवा. चाल चांगली असेल तर ती भीती. त्या दिवशीची चाचणी बाद करायची आणि ४८ तासांनी परत घ्यायची.

ब्रशबद्दल थोडं लिहायलाच हवं. आमच्या मशीनला मागे विजेची जाळी आहे. उंदीर मागे आला की सौम्य झटका बसतो आणि तो पळतो. पहिल्या तुकडीत मी ती वापरली होती. आता विचार केला की वाईट वाटतं, आणि विज्ञान म्हणूनही ते खटकतं. झटक्याने ताणाची संप्रेरकं वाढतात, हृदयाचे ठोके आणि दाब दोन्ही चढतात. मी मोजतेय रक्तदाब, आणि व्यायामाच्या गटाला रोज असं काहीतरी देतेय जे एकट्यानेच दाब चढवतं. शिवाय जो उंदीर जास्त मागे राहतो, म्हणजे ज्याला व्यायाम जड जातो, त्यालाच झटके जास्त. जाळी बंद केली. चित्रकलेचा मऊ, रुंद ब्रश आणला. काही जण हवेचा हलका झोत वापरतात, तोही चालतो. मामांना ब्रशचं काम माझ्यापेक्षा छान जमतं. ते शेपटीच्या मुळाशी नुसतं टेकवतात.

दोन आठवड्यांच्या ओळखीनंतर तोच सहा नंबर २७ मीटरपर्यंत गेला. तो साध्या गटातला, पाण्यात एल-नेम नसलेला. दाब वाढलेल्या गटातला चौदा नंबर १८ला थांबला. या वेळी पोट खरंच टेकलेलं होतं. मामांनीच त्याला उचलून पिंजऱ्यात ठेवलं.

त्या संध्याकाळी मी नुसता भागाकार केला. खरा १५ मीटरचा वेग सहा नंबरला त्याच्या कमाल वेगाच्या ५६ टक्के. तोच वेग चौदा नंबरला ८३ टक्के. एकाच पट्ट्यावर, एकाच वेळी, एकाला फिरायला जाणं आणि दुसऱ्याला शर्यत. आणि माझ्या स्लाइडवर दोघांपुढे एकच शब्द होता : मध्यम.

हा फरक किरकोळ नाही. साओ पावलोमधल्या एका गटाने १९९७ मध्ये एसएचआर उंदरांवर नेमकं हेच तपासलं होतं. एका गटाला ऑक्सिजन वापराच्या कमाल क्षमतेच्या, म्हणजे व्हीओटू मॅक्सच्या, ५५ टक्क्यांवर पळवलं, दुसऱ्याला ८५ टक्क्यांवर. कमी तीव्रतेच्या गटात दाब उतरला, जास्त तीव्रतेच्या गटात उतरला नाही. म्हणजे तीव्रता चुकली तर 'व्यायामाने रक्तदाब कमी होत नाही' असा उलटा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले असते.

इथे एक बारकावा मला बराच उशिरा कळला. कमाल वेगाचे ६० टक्के म्हणजे व्हीओटू मॅक्सचे ६० टक्के नव्हेत. वेग वाढवला की ऑक्सिजनचा वापर साधारण सरळ रेषेत वाढतो, पण ती रेष शून्यापासून सुरू होत नाही. पट्टा बंद असतानाही उंदीर श्वास घेतोय, अंग गरम ठेवतोय. त्यामुळे कमाल वेगाच्या ६० टक्क्यांवर ऑक्सिजनचा वापर त्याच्या कमाल पातळीच्या ६०पेक्षा जास्त टक्क्यांवर असतो. दोन शोधनिबंधांतले '६० टक्के' एकमेकांशेजारी ठेवण्याआधी ते कशाचे टक्के आहेत, हे बघितलंच पाहिजे. चढाचंही तसंच. नॉर्वेतल्या विस्लॉफ आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की पट्ट्याला २५ अंशांचा चढ दिला तर उंदरांचा व्हीओटू मॅक्स सपाट पट्ट्यापेक्षा नीट गाठता येतो. वेग लिहिला आणि चढ लिहिला नाही, तर अर्धीच माहिती दिली असं होतं.

ऑक्सिजन मोजणारी, हवाबंद पेटीतली ट्रेडमिल आमच्याकडे नाही. म्हणून पडताळणीसाठी लॅक्टेट घेतलं. स्नायूंवरचा ताण एका मर्यादेपलीकडे गेला की रक्तातलं लॅक्टेट साचत जातं, मर्यादेच्या आत असेल तर थोडं वाढून स्थिर राहतं. खेळाडूंसाठी मिळतं ते छोटं यंत्र आणि त्यात घालायच्या रक्त तपासणीच्या पट्ट्या घेतल्या. पट्ट्या महाग, म्हणून आठच उंदरांवर केलं. शेपटीच्या टोकाला बारीक छेद एकदाच, पळवण्याआधी. पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा, दुसरा पट्टीवर. दहाव्या मिनिटाला एकदा, पंचविसाव्याला एकदा. या दोन मापांत लिटरमागे १ मिलिमोलपर्यंतचीच वाढ असली तर तो वेग टिकण्याजोगा, त्याहून जास्त असली तर उंदीर मर्यादेच्या वर गेला. प्रत्येक वेगाला वेगळा दिवस, मध्ये ४८ तासांची विश्रांती.

पहिल्या दोन दिवसांचे आकडे विचित्र आले, न पळताच लॅक्टेट वाढलेलं. कारण माझे हात. थेंब घेण्यासाठी मी उंदराला घट्ट धरत होते, तो धडपडत होता, आणि धडपड म्हणजे स्नायूंचं कामच. मग पकडायचं सोडलं. पट्टा थांबवून त्याला लेनमध्येच राहू द्यायचं, फक्त शेपटी हातात घ्यायची. तीस सेकंदांत काम होतं. चौदा नंबरचं लॅक्टेट १२ मीटरला स्थिर राहिलं. १५ला ते चढतच गेलं. भागाकाराने जे सांगितलं होतं तेच रक्ताने सांगितलं.

आता अडचण मशीनची. पट्टा एक, लेन पाच. वेग सगळ्यांना एकच मिळतो. प्रत्येक उंदराला त्याच्या ६० टक्क्यांवर पळवायचं तर क्षमतेनुसार खेपा कराव्या लागतात. मी तीन खेपा केल्या : कमाल वेग १८च्या आसपास असलेले, २१ ते २४मधले आणि २७ किंवा वरचे. एका तासाचं काम तीन तासांवर गेलं. उंदीर रात्री जागणारा प्राणी. दिवसा पळवलं तर त्याला झोपेतून उठवून पळवल्यासारखं. त्यामुळे संध्याकाळी सातला प्राणीगृहातले दिवे गेल्यावर, मंद लाल उजेडात, जो उंदरांना जवळपास दिसत नाही, आम्ही सुरू करायचो. घरी पोहोचायला साडेदहा वाजायचे. आई रोज विचारायची, आज किती पळाले?

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी वळीव आला. आधी वारा, मग गारा, मग वीज गेली. तिसरी खेप अर्ध्यावर, पट्टा थांबला, एसीही थांबला. उंदराला घाम येत नाही. तो उष्णता मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो आणि अंगाला लाळ लावून गार होतो. कोंदट खोलीत तोच वेग त्याला कितीतरी जड पडतो. वीज अर्ध्या तासात आली, पण खोलीचं तापमान खाली यायला वेळ लागणार होता. मी खेप तिथेच थांबवली. तेव्हापासून नोंदवहीत वेगाशेजारी तापमान आणि आर्द्रता हे दोन रकाने आले. २५ अंशांच्या वर खोली गेली तर त्या दिवशी पट्टा सुरू करायचा नाही.

व्यायाम न करणाऱ्या गटालाही आता तेवढाच वेळ बंद पट्ट्यावर ठेवतो. त्यांनाही तीच हाताळणी, तोच वास, तोच मोटरचा आवाज. नाहीतर व्यायामाचा परिणाम कुठला आणि रोज खोली बदलल्याचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही. दाबाचं माप शेपटीवर बसवायच्या फुगणाऱ्या कफने घेतो, शेपटी आधी कोमट करून, आणि शेवटच्या पळण्यानंतर किमान ४८ तासांनी. पळून झाल्यावर काही तास दाब तसाही उतरलेला असतो. तो घाईने मोजून आठ आठवड्यांच्या व्यायामाचं फळ म्हणून दाखवणं मला पटत नाही.

चार आठवडे झाल्यावर सगळ्यांची चाचणी परत घेतली. हे पहिल्या तुकडीत मी केलंच नव्हतं. उंदराचं वजन वाढतं, पळायची सवय होते, क्षमता बदलते. पहिल्या आठवड्यात जो वेग ६० टक्के असतो तो पाचव्या आठवड्यात ५० वर येऊन बसतो, आणि आपण मात्र 'मध्यम' लिहीत राहतो.

चौदा नंबर त्या दिवशी १८ सहज पार करून गेला. मामा ब्रश हातात धरून उभे होते, पण त्यांना तो टेकवायची वेळ आली नाही. २१ मीटरवर तिसरं मिनिट पूर्ण करून त्याचं पोट टेकलं. मी पट्टा थांबवला आणि वेळ लिहिली.

२१चे ६० टक्के, १२.६. लॅमिनेट केलेल्या तक्त्यात बोट फिरवलं. १२.६ला पडद्यावर लावायचा आकडा १५.

मामांनी पिंजऱ्यावरची चिठ्ठी काढली, आणि मी त्यावर नवी खेप लिहिली. सोमवारपासून चौदा नंबर दुसऱ्या खेपेत.